वीतभर विमानाचा खरा रंग

‘‘हे आमचं विमान नाही.’’

काका एवढेच म्हणाले. मॉडेल त्यांनी अलगद टेबलावर ठेवले आणि चहाचा कप उचलला. १९९७ सालची दिवाळी होती. फराळाच्या ताटाशेजारी माझी तीन महिन्यांची मेहनत उभी होती. मिग-२१ या लढाऊ विमानाची प्लॅस्टिकची प्रतिकृती, नाकापासून शेपटीपर्यंत वीतभर. मावसभावाने परदेशातून आणलेल्या खोक्यातले सुटे भाग मी रोज रात्री जेवणानंतर बसून घासले, जोडले, रंगवले होते. खोक्यातल्या कागदावर छापले होते तसेच रंग दिले होते. वरून हिरवा आणि तपकिरी, खालून फिकट निळा. रेषेबाहेर एक थेंब गेला नव्हता.

‘‘काय चुकलं काका?’’ मी विचारले.

‘‘चुकलं काहीच नाही रे. छान केलंयस. पण आमचं विमान इतकं देखणं नव्हतं.’’

काका आमच्या शेजारच्या इमारतीत राहत. हवाईदलात मिगच्या स्क्वॉड्रनमध्ये तंत्रज्ञ होते. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवरच्या एका तळावर होते. निवृत्त झाल्यावर सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी काही वर्षे काढली. युद्धाच्या गोष्टी सांगणाऱ्यांपैकी ते नव्हते. गणेशोत्सवात पोरे मागे लागली तरी ‘‘आम्ही पाना फिरवणारे, लढणारे वेगळे,’’ म्हणून बाजूला होत. त्यामुळे त्या दिवशीचे ते एक वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

मी नाशिकचा. ओझरला मिगचा कारखाना असल्यामुळे आमचे बालपणच या विमानांच्या आवाजात गेले. शाळेच्या खिडक्यांची तावदाने थरथरू लागली की गुरुजी फळ्याकडे पाठ करून शांत उभे राहायचे. आवाज निघून गेला की अर्धे वाक्य पूर्ण करायचे. पुढे बँकेत नोकरी लागली, संसार झाला, पण आकाशात आवाज झाला की मान वर व्हायची ती व्हायचीच. मॉडेल करायचा नाद त्यातूनच लागला.

या नादाचे गणित मोठे गमतीचे आहे. आमच्यातले बरेचजण एकास बहात्तर या प्रमाणात विमाने करतात. बहात्तरच का? तर सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. सहा फुटी माणूस मॉडेलमध्ये बरोबर एक इंचाचा होतो. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. त्याला ७२ ने भागले की जेमतेम १० सेंटिमीटर. खऱ्या विमानावरचे वीतभर उंचीचे अक्षर मॉडेलवर तीन मिलिमीटरचे होते. एवढ्याशा अक्षरांसाठी आणि चिन्हांसाठी पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ पट्टी मिळते. तिला डेकल म्हणतात. खोक्यात ती असतेच. मग अडचण कुठे येते? ती पट्टी छापणाऱ्या माणसाने ते विमान पाहिलेले असतेच असे नाही, ही अडचण.

काकांचे वाक्य ऐकेपर्यंत मी कागदावर विश्वास ठेवणारा होतो. त्यानंतर शोध सुरू झाला. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयापासून मुंबईच्या रद्दीवाल्यांपर्यंत आणि दिल्लीत पालमच्या हवाईदल संग्रहालयापर्यंत. त्या शोधात पहिली गोष्ट समजली ती ही, की ‘मिग-२१ चा रंग कोणता’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणते मिग, कुठल्या तळावरचे आणि कोणत्या महिन्यातले, असे विचारावे लागते.

आपल्या हवाईदलाचे गोल चिन्हच घ्या. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिघ रोड तळावर चार वापिटी विमानांनिशी पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. तेव्हा त्यांच्यावर ब्रिटिशांचेच वर्तुळ होते. बाहेर निळे, मग पांढरे आणि मधोमध लाल. पुढे जपान युद्धात उतरला. जपानी विमानावर लाल गोळा असे. ढगातून बाहेर पडलेल्या विमानावर लाल ठिपका दिसला की आपले की शत्रूचे, हे ठरवायला गोलंदाजाकडे एखाददुसरा क्षण असायचा. आपलेच विमान आपल्याच तोफेने पडायचे भय. म्हणून १९४२ मध्ये अमेरिकेने आपल्या चिन्हातला लाल ठिपका काढला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश व भारतीय विमानांवरचा लालही गेला. गडद निळे वर्तुळ आणि आत फिकट निळे, असे नवे चिन्ह आले. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालच्या पहिल्या स्क्वॉड्रनच्या हरिकेन विमानावर एखाद्याने हौसेने लाल ठिपका काढला, तर तो नुसती रंगाची चूक करत नाही. त्या वैमानिकांना ज्या गोष्टीची धास्ती होती तीच तो त्यांच्या पंखावर ठेवतो.

स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्र होते. मग आजचे चिन्ह आले. मधोमध केशरी, भोवती पांढरे, बाहेर हिरवे. १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत, पुढे हवाईदल प्रमुख झालेल्या हृषीकेश मुळगावकरांना महावीर चक्र मिळाले. त्या लढाईतले टेंपेस्ट विमान करायचे म्हटले तर पहिला प्रश्न येतो, कोणत्या महिन्यातले? त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय डबा उघडू नये.

परदेशातही हेच. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक रिश्टहोफेन आणि त्याचे तीन पंखी लाल विमान सर्वांना ठाऊक आहे. पण १९१८ च्या वसंतात जर्मनांनी पंखावरचा जुना, टोकांशी पसरट होणारा क्रूस बदलून सरळ पट्ट्यांचा क्रूस आणला. रिश्टहोफेन पडला २१ एप्रिल १९१८ रोजी, म्हणजे त्या बदलाच्या ऐन धामधुमीत. विमान जमिनीवर येताच सैनिकांनी आठवण म्हणून त्याचे कापड फाडून नेले. आज त्यातले काही तुकडे संग्रहालयांत जपलेले आहेत आणि अभ्यासक त्या चिंध्यांवरून लाल रंगाची छटा अन् क्रूसाची रेघ ताडून पाहतात. ज्यांनी विमानाची चाळण केली, त्यांच्यामुळेच त्याचा रंग शिल्लक राहिला!

कुणी म्हणेल, फोटो असतातच की. असतात, पण बहुतेक कृष्णधवल. जुन्या काळी वापरात असलेल्या एका प्रकारच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तिच्यावर लाल जवळजवळ काळा उमटे, पिवळाही काळपट येई आणि निळा मात्र पांढुरका होई. नंतरच्या फिल्मने ती चूक सुधारली, तरी हिरवा आणि तपकिरी हे शेवटी दोन करडे ठिपकेच. कोणता करडा म्हणजे कोणता रंग, हे फोटो सांगत नाही.

मग संग्रहालय? तिथे खरे विमान असते, पण उघड्यावर ठेवलेल्या विमानाला उन्हापावसामुळे पुन्हा पुन्हा रंग द्यावा लागतो. एका शहराच्या चौकात उभे केलेले मिग मी मुद्दाम जाऊन पाहिले. कंत्राटदाराने त्याला घराच्या लोखंडी गेटला देतात तसा चकचकीत तेलरंग फासला होता आणि शेपटीवरच्या तिरंगी पट्टीचा क्रम एका बाजूला उलटा झाला होता. एकच स्टेन्सिल दोन्ही बाजूंना वापरले की असे होते. अशा वेळी जाणकार मंडळी पॉलिश पेपरने एखाद्या कोपऱ्यातला रंग हलक्या हाताने घासतात. झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखे एकाखाली एक थर उघडत जातात आणि सर्वांत खाली विमानाचे तरुणपण सापडते.

छटा ठरवायलाही आधार असतो. रंगांना सरकारी क्रमांक असतात. भारतीय मानकांमध्ये पहिला क्रमांक, आयएस १, हा आपल्या राष्ट्रध्वजाचा आहे आणि रंगांच्या छटांचे मानक आहे आयएस ५. पण डब्यावरचा क्रमांक अचूक असला तरी तोच रंग मॉडेलला जशाच्या तसा देऊन चालत नाही. खरे विमान आपण दुरून पाहतो, मधल्या हवेमुळे त्याचा रंग फिका वाटतो. हातभर अंतरावरच्या मॉडेलला तोच रंग दिला तर ते काळवंडलेले दिसते. म्हणून थोडा पांढरा मिसळावा लागतो. किती, ते डोळा सांगतो.

एवढे शिकून मी पुन्हा काकांकडे गेलो. या वेळी मॉडेल नेले नाही, वही नेली. काका बराच वेळ वहीकडेच पाहत राहिले. मग हळूहळू बोलू लागले.

‘‘मिग आली तेव्हा आरशासारखी होती. नुसता धातू. युद्ध येणार असं दिसायला लागलं, तेव्हा ऑर्डर आली, रंगवा. आकाशातून खाली बघणाऱ्याला चकाकी दिसता कामा नये. डबे आले, पण एका छटेचा रंग सगळ्यांना पुरेल इतका नव्हता. मग मिसळायचा. आज मिसळलेला उद्याच्याशी जुळत नसे. स्प्रे गन मिळाली तर गन, नाहीतर ब्रश. चार इंची ब्रश, भिंतीला मारतो तो. पंखावर ब्रशाचे केस चिकटून राहायचे. आमचा अधिकारी म्हणायचा, जवळून बघायला शत्रू येणार नाहीये, हात चालवा.’’

हे मी पुढे पुस्तकांतून पडताळले. १९७१ मधली मिग-२१ विमाने ज्या त्या तळावर, हाताशी असलेल्या रंगांनी रंगवली गेली होती. त्यामुळे एका स्क्वॉड्रनचा रंग दुसरीशी जुळत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली ज्या मिगनी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट डागली, त्यांचा रंग पश्चिमेकडच्या मिगसारखाच असेल असे धरून चालता येत नाही.

पण मग मला एक फोटो सापडला आणि आमच्यात वितुष्ट आले.

एका जुन्या स्मरणिकेत काकांच्याच तुकडीचा समूह फोटो होता. मी त्याची झेरॉक्स आणली. मागे उभे मिग, त्याच्यावरच्या रंगांच्या कडा नीट, सफाईदार. ब्रशाचे नावही नाही. मी तो कागद काकांसमोर ठेवला. आज लाज वाटते, पण तेव्हा माझ्या आवाजात विजयाचा सूर होता. ‘‘काका, हे बघा. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. रंग गननेच दिलेला दिसतोय.’’

काकांनी कागद पाहिला, चष्मा काढला. ‘‘म्हणजे माझे हात खोटं सांगतात?’’ असे म्हणून ते उठून आत गेले. त्यानंतर दोन-तीन महिने आमची जाता-येता नुसती मान हलवण्यापुरती ओळख राहिली. पुराव्यापुढे आठवण फिकी, असे मी मनाला समजावत होतो. तरी मॉडेलला हात लावावासा वाटेना.

कोंडी फोडली काकूंनी. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला आमच्याकडे आल्या होत्या. तोवर मूळ स्मरणिका मी एकाकडून चार दिवसांसाठी मागून आणली होती. ती टेबलावर उघडी पडली होती, शेजारी भिंग. काकूंनी सहज भिंग उचलले आणि हसल्या. ‘‘अगंबाई, हे तर आमचेच हे! मागच्या रांगेत. किती बारीक होते बघा.’’ मग भिंग थोडे खाली सरकले. ‘‘बाहीवर तीन फिती आहेत की. म्हणजे सार्जंट झाल्यानंतरचा फोटो हा.’’

मी ताडकन उभा राहिलो. ‘‘काकू, सार्जंट कधी झाले काका?’’

‘‘त्र्याहत्तर साली. दुष्काळाचं दुसरं वर्ष. गावाकडे लोक मिलो खात होते. धाकटीचं बारसं आणि यांची बढती एकाच आठवड्यात. साखर मिळेना म्हणून पेढे गुळाचे केले होते, ते कसं विसरेन?’’

झेरॉक्समध्ये काकांचा चेहरा काळा डाग झाला होता, बाहीवरच्या फिती गायब होत्या. फोटो १९७१ चा नव्हताच. युद्ध संपल्यावर विमाने मोठ्या दुरुस्तीला गेली, तिथून नीट रंगवून परत आली, त्यानंतरचा होता. फोटो खरा होता, काकाही खरे होते. माझी तारीख खोटी होती. मी वर्षानुवर्षे विमानाकडे भिंग लावून पाहत होतो, पण विमानापुढे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले नव्हते.

त्याच संध्याकाळी जाऊन मी काकांची माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. ‘‘बस,’’ म्हणाले. मग वही मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने विमानाचे चित्र काढले. हिरवा पट्टा कुठून सुरू व्हायचा, कुठे रंग संपला म्हणून दुसरा डबा उघडला, सगळे दाखवले. शेवटी एका बाजूला एक क्रमांक लिहिला.

‘‘खोक्यातला नंबर नको लावूस. हा लाव.’’

त्या क्रमांकाच्या विमानाची देखभाल काका करत. युद्धात ते रोज गेले आणि रोज परत आले. युद्ध संपल्यावर पुढे एका सरावाच्या उड्डाणात ते आले नाही. वैमानिक चोवीस वर्षांचा होता. उड्डाणाआधी शिडीवरून वर चढून त्याचे पट्टे काकांनीच आवळले होते. ‘‘माझ्या कामात काही राहिलं नव्हतं. चौकशीत तसं निघालंही. पण आपलं मन चौकशीचा कागद वाचत नाही ना,’’ काका म्हणाले. चहा देऊन काकू दारातच उभ्या होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकले असावे, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. तो क्रमांक मी इथे देत नाही. त्या मुलाचेही घर कुठेतरी असेल.

आता माझ्यापुढे पेच होता. त्या विमानाचा एकही फोटो मला मिळाला नाही. वर्षभर शोधले. पुस्तके पाहिली, पत्रे लिहिली. ज्या शिस्तीने मी काम करायला शिकलो होतो, त्या शिस्तीप्रमाणे हे मॉडेल करायला आधार नव्हता. एका माणसाची आठवण, तीही पंचवीस वर्षांपूर्वीची. आणि आठवणी चुकतात, हे मला पक्के ठाऊक होते. या वेळी काका बरोबर निघाले म्हणून पुढच्या वेळी निघतील असे नाही.

तरी मी ते केले. जाडसर ब्रशाने, दोन वेगवेगळ्या हिरव्यांत, कडा ओबडधोबड ठेवून. क्रमांक काकांनी लिहिला तोच, डेकलची पट्टी नसल्याने बारीक ब्रशाने हाताने लिहिला. तीन मिलिमीटरचे आकडे, भिंगाखाली, श्वास रोखून. सात वेळा पुसले. मग लाकडी ठोकळ्यावर विमान बसवले आणि ठोकळ्याच्या तळाशी शाईने लिहिले : ‘चिन्ह व रंगांचा काळ १९७१. फोटो उपलब्ध नाही. आधार : देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाची आठवण.’

आमच्या नादातला एक मित्र म्हणाला, असली कबुली लिहून कशाला ठेवतोस, प्रदर्शनात गुण कमी होतील. होऊ देत. उद्या त्या विमानाचा फोटो कुठे निघाला आणि काकांची रेघ इंचभर इकडे-तिकडे ठरली, तर पाहणाऱ्याला कळायला हवे की ही रेघ कुणाच्या शब्दावर ओढली आहे. खोक्यातल्या कागदाची खोट हीच होती. आपण कुणाच्या सांगण्यावरून बोलतो आहोत, हे तो सांगत नव्हता.

काकांना मॉडेल नेऊन दिले तेव्हा त्यांनी ते हातात घेतले, खिडकीकडे धरले, फिरवून पाहिले. ब्रशाच्या खुणांवरून अंगठा फिरवला. या वेळी काही म्हणाले नाहीत. शोकेसमध्ये मुलीच्या लग्नातल्या फोटोशेजारी त्यांनी ते ठेवले.

काका २००८ मध्ये गेले. ते ज्या जातीच्या मिगवर काम करत ती विमाने हवाईदलाने २०१३ मध्ये निवृत्त केली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला, जिथे १९६३ साली मिग-२१ पहिल्यांदा हवाईदलात दाखल झाली होती, तिथेच तिची शेवटची तुकडीही निरोप घेऊन उतरली. तो समारंभ पाहायला मी मुद्दाम काकूंकडे गेलो होतो. त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. टीव्हीवर विमाने उडत असताना त्यांनी शोकेसमधून मॉडेल काढायला सांगितले. मांडीवर घेतले, उलटे केले, चष्मा पुसून तळाशी लिहिलेले वाचले. शाई फिकी झाली होती.

‘‘जरा गडद करून देशील का रे?’’ त्या म्हणाल्या. ‘‘यांचं नाव नाही त्यात, पण यांच्याबद्दल लिहिलेलं एवढंच आहे.’’

दुसऱ्या दिवशी पेन घेऊन गेलो आणि अक्षरावरून अक्षर गिरवले.